खंडेनवमीचा पाना

"काढ हे," मी म्हटलं. "हे चाक ह्या गाडीला बसत न्हाई."

"बसलंय की लेका! चारीच्या चारी नट आत गेलेत. आणखी काय बसायचं असतंय?"

"नट आत गेला म्हणजे चाक बसलं व्हय? आबांचं पायताण तुझ्या पायात शिरलं म्हणून काय तू त्यात पळशील?"

रणजित हसला. माझ्यावर तो कधी चिडायचा नाही, आणि मला राग यायचा तो त्याचाच.

रणजित इंगवले म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला. बाप लहानपणीच गेला, आई दवाखान्यात आया होती, तेव्हा पोरगं दिवसभर आमच्याकडंच. माझ्या ताटाला ताट लावून जेवला, माझ्या आबांच्या लेथवर काम शिकला आणि मोठा झाल्यावर माझ्या चौपट कमवायला लागला. शिरोलीत त्याची स्वतःची फौंड्री होती. आबा त्याला 'माझा धाकटा' म्हणायचे. मी एकुलता एक. ते ऐकताना मला काय वाटत असेल, ते तुमचं तुम्हीच बघा.

त्या वर्षी त्यानं मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. जपानी, लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरल्यासारखं. मागं एक नावापुरती सीट होती, तिच्यावर त्याची सात वर्षांची सानू तेवढी मावायची. गाडी मूळच्या चाकांवर छान चालत होती. पण ह्याला मोठी अलॉय चाकं पाहिजे होती आणि त्यानं मला न विचारता पहिला सेट उचलून आणला होता.

उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात चाकं, टायर आणि अलाइनमेंट, एवढंच काम. पाटीवर आणि लायसनवर नाव आबांचं, 'दत्तोबा लोहार', पण पाना माझ्या हातात. चाकाचं कसं असतं, नटांच्या भोकांमधलं अंतर सगळेच बघतात. मधलं मोठं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या गोल भागावर, घट्ट बसतंय का, आणि चाक मडगार्डाच्या आत किती जातंय, हे कुणी बघत नाही. रणजितनं आणलेलं चाक दोन बोटं बाहेर आलेलं होतं आणि मधल्या भोकात अंगठा जाईल एवढी फट.

"वळणावर टायर मडगार्डाला खाणार," मी म्हटलं. "आणि ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थडथड उडणार. परत दे जा."

"भावजी म्हणतात ते ऐका," केतकीवहिनी म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, मापाची गोष्ट निघाली की माझ्या बाजूनं व्हायच्या. "आणि भावजी, त्या गाडीत डाव्या बाजूला मी बसणार आहे. तेवढं लक्षात ठेवून चाक लावा. यांना काय, हे उडी मारतील."

"मी उडी मारणार?" रणजित म्हणाला. "तुला टाकून?"

"मला टाकून नाही हो. गाडी वाचवायला."

आम्ही सगळेच हसलो. सानू मागच्या सीटवरून हात लांबवून हॉर्न वाजवायला बघत होती.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही चाकं धुंडाळली. दोन सेट मी परत पाठवले. तिसऱ्याचं माप बरोबर आलं, पण चाकाच्या आतून ब्रेकला घासेल की काय ही शंका होती. त्याला आमची एक पद्धत आहे. मळलेल्या कणकेचा गोळा ब्रेकवर चिकटवायचा, चाक चढवून हातानं एक फेरा मारायचा, मग काढून गोळा किती चेपला ते बघायचं. वहिनींनी घरून कणीक आणली. गोळा जेमतेम चेपला, म्हणजे जागा पुरेशी होती. मधल्या भोकात जी फट राहिली तिला आबांनी स्वतः लेथवर चार कड्या कातून दिल्या. सत्तरीचं माणूस, पण हात असा की केस मावणार नाही. कडी हबवर बसली तेव्हा 'पक्' असा आवाज आला.

"हे बघ धाकट्या," आबा म्हणाले, "आता ही चाकं हिचीच म्हणायची."

तिथंच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

चाकं चंदेरी होती, रणजितला काळी पाहिजे. मी नको म्हटलं होतं. हा शहाणा परस्पर रंगवून घेऊन आला, अष्टमीच्या दुपारी. मी चाक उलटं करून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. रंगवणाऱ्यानं नट बसायच्या खाचांतसुद्धा रंगाचे थर दिले होते.

"हे कुणी सांगितलं? नट धातूवर बसायला पाहिजे, रंगावर न्हाई. रंग दबला की नट ढिला पडतोय."

"मग खरवड की."

"आता खरवडू? दिवसाचं काम हाय ते. उद्या नवमी."

"परवा जोतिबाला जायचंय रे. दसऱ्याला नव्या चाकांवर देवाला जाऊ म्हणून केतकीला कबूल केलंय."

मी शिव्या घालत जमेल तेवढा रंग काढला. निम्मासुद्धा निघाला नसेल. नट त्या नव्या चाकांसोबत आलेले, बारीक, खोल भोकात जाणारे. गाडीच्या डिकीतला पाना त्यात शिरत नव्हता. त्याला पातळ सॉकेट लागायचं आणि ते आमच्या दुकानात एकच होतं. टॉर्कच्या पान्यानं मापात आवळले, प्रत्येक नटाला 'टक्' ऐकलं, आणि रणजितला बजावून सांगितलं.

"नीट ऐक. पन्नास किलोमीटर चालव, साठाच्या वर न्हाई. मग इकडं ये. मी परत आवळणार. तोवर घाट चढायचा न्हाई."

"येतो बाबा."

आणि तो आला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. सकाळी सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. सगळं उद्यमनगर त्या दिवशी गप्प असतं. एवढा आवाजाचा मुलूख, पण तेव्हा चिमण्या ऐकू येतात. मी दहा वर्षांचा असताना नवमीला खेळायला म्हणून पाना उचलला होता, तर आबांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं, रणजितच्या देखत.

दुपारी साडेबारा वाजले असतील. गाडी दारात येऊन उभी राहिली. सानू मागच्या सीटवरून पुढं वाकून ओरडली, "भालूकाका, आमची गाडी एकशेचाळीसनं पळाली!"

मी रणजितकडं बघितलं.

"हायवेला एकदाच रे," तो म्हणाला. "जरा बघितलं. पोटातलं पाणी हललं न्हाई. फक्त येताना डावीकडनं थोडी थरथर लागतीय. आवळून दे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. साठाच्या वर जाऊ नको म्हटलं, तर हा एकशेचाळीसला गेला. पोरीला घेऊन! तीन आठवडे मी ह्याच्यामागं मापं काढत फिरायचं आणि ह्यानं एक शब्द ऐकायचा नाही. रंग माझ्या मनाविरुद्ध, वेग माझ्या मनाविरुद्ध, आणि आता 'आवळून दे', जसा काही मी ह्याच्या घरचा गडी.

"आज हत्यार उचलत न्हाई," मी म्हटलं.

"अरे, दोन मिनिटांचं काम हाय."

"पूजा झालीय. उद्या दुपारी चारला ये."

"उद्या सकाळी जोतिबाला जायचंय म्हणून सांगितलं न्हवतं का?"

"मग यष्टीनं जा."

आबा आत पाटावर बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. "भाल्या, उचल की पाना. देवी काय डोळं वटारत न्हाई. मी नमस्कार करतो, तू उचल."

आता मी खरं सांगतो. देवाधर्माचं मला काडीचं नव्हतं. पट्ट्याचे वळ मात्र होते. माझ्यासाठी नियम आणि धाकट्यासाठी नमस्कार!

"न्हाई," मी म्हटलं. "तुमीच शिकवलंय न्हवं? नवमीला हत्यार उचलत न्हाईत."

आबांनी पाटाला हात टेकला. उठून घेतला असता पाना त्यांनी, पण गुडघ्यांनी पाटावरून लवकर उठवत नव्हतं त्यांना. रणजित त्यांच्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे आबा, बसा तुम्ही." मग मला म्हणाला, "बरं, हातानं तरी बघ."

मी डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. गाडी जमिनीवर उभी असताना चाक हलवून काही कळत नाही, हे माझ्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी हात झटकले.

"काय होत न्हाई. हळू जा."

"नक्की?"

"सांगितलं न्हवं? हळू जा म्हणून."

तो विश्वासानं गेला. चाकाच्या बाबतीत माझ्यावर त्याचा आबांच्या खालोखाल विश्वास होता.

दसऱ्याला सकाळी सानूला आमच्या घरी सोडून दोघं गेले. न्हाणीच्या झरोक्यातून वहिनींची मोतिया साडी दिसली. मी अंघोळीला होतो, मुद्दामच बाहेर आलो नाही. वहिनींचा आवाज ऐकू आला, "भावजी रुसलेत वाटतं. येताना पेढे आणते म्हणावं."

दहाच्या सुमाराला फोन आला.

जोतिबाच्या घाटात शेवटून तिसऱ्या वळणावर डावं पुढचं चाक निघालं होतं. गाडी डाव्या अंगानं कठड्याच्या दगडांवर गेली. मी पोचलो तेव्हा वहिनींना नेलं होतं. लोक म्हणाले, जागच्या जागीच गेल्या. चाक खाली उसात सापडलं, पोरं ते खांद्यावर घेऊन वर येत होती. मी हब बघितला. दोन बोल्ट तुटलेले, दोन शाबूत, आणि त्या शाबूत बोल्टांवर नट नव्हते. म्हणजे नट तुटले नव्हते, फिरत फिरत निघून गेले होते. आबांची कडी हबवर तशीच बसलेली होती.

दवाखान्यात रणजित बाकावर बसला होता. कपाळाला टाके, शर्टभर रक्त, आणि ते त्याचं नव्हतं. शेजारी हवालदार कागद घेऊन उभा. मला बघून रणजितच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही. त्याला आतून रडू फुटत नव्हतं की राग फुटत नव्हता, कोण जाणे.

"चाकं कुणी लावलेली?" हवालदारानं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"दुकान कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या. दत्तोबा लोहार."

हवालदारानं नाव लिहून घेतलं. ते लिहीत असताना रणजितनं मान वर केली.

"साहेब, त्यांचं नाव कशाला?" तो म्हणाला. "ह्यानं मला सांगितलेलं. पन्नास किलोमीटरनं परत ये, नट आवळायला लागतील. मीच गेलो न्हाई."

हवालदार माझ्याकडं वळला. "खरं काय?"

त्या क्षणी काहीतरी तोंडाशी आलं होतं आणि मी गिळलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण तसं काही आलं नव्हतं. मला फक्त सुटल्यासारखं झालं.

"हो," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं. तो आला न्हाई."

खाली सही केली.

नंतर एकटा सापडल्यावर मी त्याला विचारलं, "रण्या, असं का सांगितलंस?"

"आबांना ह्या वयात चौकीत बसवू व्हय?" तो म्हणाला. "आणि हळू जा म्हणाला होतास तू. शेवटच्या टप्प्यात मी हळू न्हवतो."

तेवढ्यावर त्यानं तो विषय मिटवला. आबांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मला नेऊ दे," ते म्हणाले. "मी जातो आणि सांगतो." मी त्यांचे पाय धरले. तुम्ही गेलात तर रणजित खोटी साक्ष दिली म्हणून आत जाईल, त्या पोरीला मग कोण, असं म्हटलं. धाकट्याचं नाव घेतलं की ते थांबणार, हे मला माहीत होतं. ते थांबले. दुकानात मात्र परत आले नाहीत.

रणजितवर बेदरकार गाडी चालवल्याची केस झाली. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मग पाच महिन्यांनी दुसरी नोटीस आली. वहिनींचे वडील, मिरजेचे सूर्यवंशी सर, यांनी सानूचा ताबा मागितला होता. ज्या माणसाच्या निष्काळजीपणानं आमची मुलगी गेली, त्याच्या हाती आमची नात देणार नाही, एवढं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फक्त पोलिसांचे कागद वाचले होते.

त्यांच्या वकिलानं साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी फौंड्रीवर गेलो. रणजित निम्मा झाला होता.

"उद्या मी खरं सांगतो," मी म्हटलं. घरून निघताना मला ते खरंच सांगायचं होतं.

"आणि?"

"आणि काय? तू आला होतास. मीच आवळलं न्हाई."

"मग पोलिसांपुढं आपण दोघं खोटं बोललो असं होईल. खोटं बोलणाऱ्या बापाकडं पोरगी ठेवतील? वकील म्हणालाय, बाप जिवंत असताना पोरगी कुणी काढून घेत न्हाई. तू आहे तेच सांग. बदलू नको."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला.

मी त्याच्याशी आणखी वाद घालायला पाहिजे होता. मी चहा पिऊन आलो. आणि घरी आबांना उद्या तारीख आहे हे सांगितलं नाही.

साक्ष दहा मिनिटंसुद्धा चालली नाही.

"नट पुन्हा आवळून घ्यायला या, असं तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं?"

"हो."

"न आवळल्यास धोका आहे, हे त्यांना माहीत होतं?"

"हो."

"ते आले होते?"

रणजित समोर बसला होता, खाली बघत. मला वाटलं, त्यानं मान वर केली तर मी सांगेन. त्यानं केली नाही.

"नाही," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात सानू मिरजेच्या आजीजवळ बाकावर बसली होती. दार उघडं होतं, सगळं बाहेर ऐकू येत होतं. मी दिसताच ती उठली आणि माझ्याजवळ आली. तिला वाटलं असणार, काका विसरले.

"भालूकाका, आम्ही आलो होतो की. मी पण होते. तुम्ही म्हणालात, पूजा झालीय."

सूर्यवंशी सर दोन पावलांवर होते. त्यांनी वळून बघितलं. तेवढ्यात माझ्या मागून रणजित आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"नाही गं बाळा. ते त्याच्या आदल्या वर्षी. जुन्या गाडीतनं आलो होतो ना आपण, पूजा बघायला? ते आठवतंय तुला."

"नाही पप्पा, लाल गाडी होती. एकशेचाळीस—"

"आदल्या वर्षी, सानू."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मोठ्या माणसांपैकी दुसरं कुणीतरी काय म्हणतंय, हे बघायला.

मी मान हलवली. "आदल्या वर्षीच," मी म्हटलं.

ती आजीजवळ जाऊन बसली.

रणजितच्या वकिलाचा अंदाज चुकला. सानू मिरजेला गेली. रणजितला महिन्यातून एक रविवार मिळाला. पहिल्या रविवारी जाऊन आला तो सरळ माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे. शाळेत घातलीय." मग म्हणाला, "मला विचारत होती, पप्पा, तुम्ही भालूकाकांचं का ऐकलं नाही? परत या म्हणाले होते तर का गेला नाहीत?"

"मग? काय म्हणालास?"

"काय म्हणणार?" रणजित म्हणाला. "चुकलं म्हटलं."